पोतेऱ्यापासून पुट्टीपर्यंत

गटाच्या वहीत कर्जाचं कारण लिहायला एक रकाना असतो. पूर्वी त्यात शेळी, शिलाई मशीन, दवाखाना, शाळेची फी, खत असं लिहिलेलं असायचं. अलीकडे बारामती आणि इंदापूर या दोन्ही तालुक्यांतल्या आमच्या वह्यांत एक नवा शब्द आलाय, पुट्टी. घरकुल उभं राहिलं, स्लॅब पडला, आता घरात लग्न आहे, पाहुणे येणार, म्हणून भिंती गुळगुळीत करायच्या. त्यासाठी कर्ज. मग बैठकीत वाद रंगतो. एक म्हणते नीरू कर, दुसरी म्हणते पीओपी, तिसरीच्या भावानं जिप्सम केलेलं असतं. आणि कोपऱ्यातून एखादी आजी म्हणते, "आमच्या वेळी हातानं व्हायचं गं सगळं, कर्ज कशाला काढावं लागतंय?"

आजींचं ते बोलणं आम्ही हसण्यावारी नेलं नाही. हे सगळे लेप आपल्या भागात कुठून आले, कुणी लावले आणि कशामुळं गेले, ते आज सांगायचं आहे.

मातीपासून सुरुवात करू. आपल्याच जिल्ह्यात, शिरूर तालुक्यात, घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. १९६८ पासून पुढं बरीच वर्षं पुण्याच्या डेक्कन कॉलेजनं तिथं उत्खनन केलं. सांकलिया, ढवळीकर अशी मोठी माणसं त्या कामात होती. मातीखालून निघालं ते साडेतीन हजार वर्षांपूर्वीचं शेतकऱ्यांचं गाव. कुडाच्या भिंती, त्यांवर मातीचं लिंपण, खाली चोपलेली जमीन. गावाच्या पश्चिम अंगाला कारागिरांची वस्ती होती. तिथं कुंभार होता, सोनार होता आणि चुना करणाराही होता. म्हणजे माती आणि चुना ही जोडी आपल्या जिल्ह्यात तेव्हापासूनची आहे.

अजिंठ्याची चित्रं थेट दगडावर काढलीत असं पुष्कळांना वाटतं. ती मातीच्या गिलाव्यावर आहेत. लेण्याची खडबडीत भिंत, तिच्यावर माती, तूस आणि गवताचे धागे यांचा लेप, वर चुन्याचा पातळ हात आणि मग रंग. वेरूळच्या मातीच्या लेपात तर भांगेच्या झाडाचे तुकडे मिसळलेले सापडले. तो अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. आपल्या आज्या मातीत गव्हाचा भुसा घालायच्या, त्याचंही कारण तेच. माती वाळताना आकसते. आत धागा असला की ती एकमेकीला धरून राहते, भेग पडत नाही.

कुठलीही माती मात्र चालत नाही. आपली काळी माती भिजली की फुगते आणि वाळली की भेगाळते. उन्हाळ्यात रानात पाय अडकेल एवढ्या भेगा आपण बघतोच. म्हणून भिंतीला पांढरी. गावाचे दोन भाग मानायचे, काळी आणि पांढरी. काळीत पिकवायचं, पांढरीत राहायचं. पिढ्यान्‌पिढ्या घरं पडली, पुन्हा उठली, राख-शेण मिसळत गेलं आणि गावठाणाची माती भुरकट पांढरी झाली. पडक्या गढीची, पडक्या वाड्याची ही माती खणून आणायची. इंदापूरकडं पाऊस कमी, तिकडं माळवदाची घरं; त्यांच्या छतावरही अशीच चिकट पांढरी माती चोपलेली असायची.

आता ती भिंतीला कशी लागायची, ते गटातल्या वयस्क सभासदांनी आम्हाला बैठकीत बसून सांगितलं. माती चाळायची. भिजत घालायची. तिच्यात भुसा, शेण, मिळाली तर गाढवाची लीद. पायानं तुडवायची आणि दोन-चार दिवस मुरू द्यायची. हा झाला गारा. जाड थर गवंडी किंवा घरातले पुरुष थापायचे. शेवटचा हात मात्र बाईचा. तळहातानं, खालून वर, अर्धगोल फिरवत. एक हात सुकायच्या आत दुसरा त्याला मिळवायचा, नाही तर जोड दिसतो. मग शेणाचा पातळ हात. तो वाळला की फडक्यानं पांढरीचं पोतेरं, आणि बुडाशी तांबड्या गेरूचा पट्टा. हे काम एकदाचं नव्हतं. नवरात्राच्या आधी घर काढायचं, पावसानं खाल्लेलं पुन्हा भरायचं. चुलीच्या भिंतीला तर रोजच पोतेरं.

किल्ला कुणी बांधला, वाडा कुणी बांधला याची नोंद सापडते. सारवणारीची कुठंच नाही. खरं तर आज ज्याला आपण फिनिशिंग म्हणतो आणि चौरस फुटावर पैसे मोजतो, ते काम शेकडो वर्षं बाईनं केलं आणि ते कुणी काम म्हणून धरलंच नाही. पण त्या भिंतींचं फार कौतुकही आम्हाला करवत नाही. पाणी डोक्यावरून आणायचं, दिवसभर ओल्यात हात, भेगांमधून ढेकूण, पावसाळ्यात कोपरा खचायचा. "पुन्हा मातीचं घर देईन म्हटलं तर नको म्हणेन मी," असं त्याच आजी आम्हाला म्हणाल्या.

चुना ही पैसेवाल्यांची गोष्ट. ओढ्याच्या काठाला, मुरमाड रानात पांढरे खडे सापडतात, ती चुनखडी. भट्टीत कोळशाबरोबर साधारण नऊशे अंशांपर्यंत तापली की तिच्यातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि कळीचा चुना उरतो. तो पाण्यात टाकला की उकळतो, फुटतो, विरतो. भिंतीवर लावल्यावर हवेतला तोच वायू तो हळूहळू परत घेतो आणि पुन्हा दगड होतो. दगडाचा चुना, चुन्याचा दगड. हे भाजण्याचं काम लोणारी समाजाचं. मग विरलेला चुना आणि वाळू घाणीत दळायची. गोल दगडी चर, त्यात फिरणारं दगडी चाक, ओढायला बैल. कितीतरी किल्ल्यांवर ही चाकं अजून पडलेली दिसतात. चुन्यात विटांची भुकटी, म्हणजे सुरखी घालायची. गूळ, बेलफळाचा गर, हिरड्याचं पाणी, कापलेला तागही घालायचे. गुळाचं पाणी घातलं की चुना पकड धरतो. आमची बारामती गुळाची पेठ, त्यामुळं हे ऐकताना आमच्या बायकांना हसू आलं. गूळ आपण खायला पुरवून पुरवून वापरायचा आणि वाडेवाल्यांनी भिंतींना चारायचा.

बारामतीत कऱ्हेच्या काठी बाबूजी नाईकांचा वाडा उभा आहे. कवी मोरोपंत नाईकांच्याच आश्रयाला राहिले आणि १७९४ साली बारामतीतच वारले. चुना असायचा तो अशा वाड्यांना, देवळांना, फार तर पाटलाच्या दर्शनी भिंतीला. बाकी सगळं गाव मातीचं. गरिबाच्या घरात चुना यायचा तो पानपुड्यात किंवा सफेदी म्हणून. १८९७ च्या प्लेगात पुण्यात सरकारी माणसं घरात शिरून भिंतींना चुना फासत होती, रोगजंतू मरावेत म्हणून. शास्त्र म्हणून ते चूक नव्हतं, चुन्यात जंतू टिकत नाहीत. पण ज्या रीतीनं सोल्जर घराघरांत घुसले, तो राग लोक विसरले नाहीत. 'चुना लावला' म्हणजे फसवलं, असं आपण सहज म्हणून जातो. भिंतीच्या बाबतीत मात्र चुन्यासारखा इमानी लेप नाही, आणि त्याचं कारण आपल्या कालव्याशी येऊन जुळतं.

नीरा डावा कालवा १८८५ च्या सुमारास सुरू झाला. दुष्काळी भीमथडीत पाणी खेळलं, ऊस आला, पैसा आला. त्याच पाण्याबरोबर जमिनीतला क्षारही वर आला. १९१० सालीच पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे डॉ. हॅरल्ड मान आणि त्यांचे सहकारी ताम्हणे यांनी नीरा खोऱ्यातल्या खारवट जमिनींवर पुस्तिका लिहिली होती. शेतातलं हे दुखणं सगळ्यांना माहीत आहे. पण तेच दुखणं घराच्या भिंतीतही चढतं, याकडं कुणाचं लक्ष नसतं. जमिनीतली ओल भिंतीत वर सरकते, सोबत क्षार आणते. पाणी हवेत उडून जातं, क्षार भिंतीच्या तोंडाशी राहतो. त्याचे खडे बनतात, फुगतात आणि वरचा लेप बाहेर ढकलतात. यालाच आपण लोणा लागला म्हणतो. कालव्याकडेच्या, ओढ्याच्या खालच्या अंगाच्या वस्त्यांत दोन-तीन फुटांपर्यंत हमखास दिसतो.

मातीच्या भिंतीला लोणा लागायचा नाही असं नाही. लागायचा. पण दसरा आला की ती भुसभुशीत माती खरवडून काढायची, नवी लावायची. पैसा लागत नव्हता, बाईचे दोन दिवस जायचे. चुन्याचा लेप ओल अडवून धरत नाही, तिला बाहेर जाऊ देतो, म्हणून तो वर्षानुवर्षं टिकतो. आणि पाणी फारच झालं तर काय होतं, तेही आपण पाहिलं. १९८० साली उजनी धरण पूर्ण झालं आणि इंदापूर तालुक्यातली भीमाकाठची गावं पाण्याखाली गेली. जुनं पळसदेव त्यातलंच. पाणी फार आटलेल्या उन्हाळ्यात तिथलं पळसनाथाचं देऊळ अजून शिखरासकट वर येतं, माणसं बघायला जातात. देवळाभोवतीच्या मातीच्या भिंती मात्र विरघळून गाळ झाल्या. ज्या बायकांनी त्या पोतारल्या होत्या, त्यांना नव्या गावठाणात पहिल्यापासून सुरुवात करावी लागली.

तोवर सिमेंट आलं होतं. त्याचं पेटंट १८२४ चं, इंग्लंडमधल्या जोसेफ अ‍ॅस्पडिन नावाच्या गवंड्याचं. आपल्या देशात १९१४ साली पोरबंदरला कारखाना सुरू झाला. खेड्यात मात्र ते फार उशिरा पोचलं. सत्तरच्या दशकात सिमेंट परवान्यावर मिळायचं. अर्ज करा, वाट बघा, ओळख काढा. १९८२ मध्ये नियंत्रण थोडं सैल झालं आणि १९८९ मध्ये पूर्ण उठलं, तेव्हा कुठं तालुक्याच्या दुकानात पोतं सरळ मिळायला लागलं. पुढं ३० सप्टेंबर १९९३ ची किल्लारीची पहाट आली. दगड-मातीच्या जाड भिंती झोपलेल्या माणसांवर पडल्या, हजारो माणसं गेली. त्यानंतर माती नको, हे महाराष्ट्रातल्या गावागावानं मनाशी ठरवून टाकलं. या भीतीला कुणी नावं ठेवू नयेत.

माती गेली तरी चुना लगेच गेला नाही. तो नीरू होऊन राहिला, आणि आमच्या मते भिंतींच्या या इतिहासातला सगळ्यात दुर्लक्षित लेप हाच. कळीचा चुना खड्ड्यात विरवायचा, चाळायचा, लोण्यासारखा होईपर्यंत मुरवायचा. सिमेंटचा गिलावा अजून ओलसर आहे तोवर त्यावर दीडेक मिलिमीटरचा हात द्यायचा आणि लोखंडी थापीनं घोटत राहायचं. चांगला नीरू हाताला शहाबादी फरशीसारखा थंड लागतो. जुन्या शाळा, दवाखाने, कारखान्यांच्या कॉलन्यांमधली घरं, यांच्या भिंती नीरूच्या. त्याला दोन गोष्टी लागतात, जाणता गवंडी आणि सवड. गेल्या वीसेक वर्षांत दोन्ही महाग झाल्या. गिलावा कोरडा झाल्यावर नीरू लावला तर तो पापुद्रे सोडतो, आणि बदनाम मात्र नीरू होतो.

आता दुकानात जे मिळतं त्याकडं येऊ. पीओपी आणि जिप्सम प्लॅस्टर ही सख्खी भावंडं. जिप्सम हा खनिज दगड. आपल्याकडं मुख्यतः राजस्थानातून येतो. दीडशे अंशांच्या आसपास भाजला, दळला की पीओपी. पॅरिसजवळ त्याच्या खाणी होत्या म्हणून प्लॅस्टर ऑफ पॅरिस; मोडलेल्या हातालाही तेच. पाणी घातलं की अर्ध्या तासाच्या आत घट्ट होतं. जिप्सम प्लॅस्टर थेट विटेवर लागतं, त्याला पाणी मारावं लागत नाही, भेगा कमी पडतात, भिंत आरशासारखी होते. उन्हाळ्यात टँकरवर जगणाऱ्या सुप्याकडच्या जिरायत गावांना हा फायदा लहान नाही. सिमेंटच्या गिलाव्याला निदान सात दिवस पाणी मारायचं असतं आणि ते कोण मारतं, हे वेगळं सांगायला नको. पण जिप्सम पाण्यात विरघळतो. न्हाणीघर, बाहेरची भिंत, ओल चढणारी भिंत, इथं तो चालतच नाही. गंमत बघा, चोपण जमीन सुधारायला शेतकरी रानात टाकतो तेही जिप्समच. शेताला जे औषध, ते ओल्या भिंतीला बाधतं.

पुट्टी वेगळी. ती बहुतेक पांढऱ्या सिमेंटची, त्यात बारीक खनिज भुकटी आणि चिकटवणारं रसायन. ती गिलावा नव्हे. दोन हात मिळून दीड मिलिमीटरपर्यंत लावायची, बारीक खळगे बुजवायचे, घासून रंगाला तयार करायची. भिंत वाकडी असेल तर पुट्टीनं सरळ होत नाही. ओल असेल तर पुट्टीनं थांबत नाही, उलट वर तेलकट रंग दिला की बाहेर पडायची वाट बुजते आणि ओल आणखी वर चढते. कालव्याकडेच्या एका वस्तीवर आमच्या सभासदानं गटाचं कर्ज काढून पुट्टी केली. पहिल्याच पावसाळ्यानंतर दोन फुटांपर्यंतचे पोपडे पत्र्यासारखे निघाले. कर्जाचे हप्ते मात्र अजून चालू आहेत.

घरकुलाला सरकारकडून ठरावीक पैसे मिळतात. पाया, भिंती, छत यातच ते संपतात. म्हणजे आतला लेप हा जवळजवळ नेहमी बाईच्या बचतीतून किंवा गटाच्या कर्जातून होतो. म्हणून आमच्या गटांनी आता एक पद्धत पाडली आहे. पुट्टीसाठी कर्ज मागितलं की आधी दोघी-तिघी जाऊन भिंत बघतात. हातभर प्लॅस्टिकचा कागद भिंतीच्या बुडाजवळ चारी बाजूंनी चिकटवून दोन दिवस ठेवायचा. कागदाच्या भिंतीकडच्या बाजूला दव धरलं, की ओल भिंतीतूनच येते आहे. मग कर्ज द्यायचं ते पुट्टीला नाही, ओलीच्या बंदोबस्ताला. मोरीचं पाणी लांब काढायचं, बाहेरून भिंतीला टेकलेली माती, शेणाचा ढीग हलवायचा, पावसाचं पाणी जोत्यापासून दूर वळवायचं. लोणा खरवडून काढायचा. त्यानंतरही खालच्या तीन फुटांना चुनाच बरा, खोलीत वर हवं ते करा. दोन रंगांची भिंत वाईट दिसते म्हणणारीला आम्ही आजींचा गेरूचा पट्टा आठवून देतो. तोही याच उंचीच्या खालचं झाकायला होता.

राहिली मजुरीची गोष्ट. बांधकामावर आजही बाई घमेलं उचलते, वाळू चाळते, भिंतीला पाणी मारते आणि पुट्टी घासायचा कागदही पुष्कळ ठिकाणी तिच्याच हातात असतो. ती पांढरी भुकटी दिवसभर नाकातोंडात जाते. तोंडाला पदर पुरत नाही, चांगला मास्क लागतो. थापी मात्र गवंड्याकडं, आणि थापी धरणाऱ्याची मजुरी घमेलेवालीपेक्षा कितीतरी जास्त. ज्या हातांनी पिढ्यान्‌पिढ्या भिंतीचा शेवटचा हात दिला, ते हात लेप बदलल्याबरोबर मजूर कसे झाले, हे आम्हाला कुठल्या पुस्तकात सापडलं नाही. झारखंडमध्ये बायकांनी गवंडीकाम शिकून शौचालयं, घरकुलं बांधली. तिथं त्यांना राणी मिस्त्री म्हणतात. घरकुल योजनेत गवंडी प्रशिक्षणाची सोयही आहे. आमच्या गटातल्या चौघींनी या उन्हाळ्यात एका सभासदाच्या घरात खालच्या तीन फुटांचा चुन्याचा लेप स्वतः केला. थापी सुरुवातीला हातात बसत नव्हती, दोघी सरळ तळहातानंच करायला लागल्या. आजी दारात खुर्ची टाकून बसल्या होत्या. "जोड दिसतोय बघ," असं त्यांनी दोनदा उठवून परत करायला लावलं.

नीरू मुरवायचं काम ज्यांनी स्वतः केलंय, किंवा ज्यांच्या घरात लोणारी भट्टीचं काम होतं, अशा कुणी बारामती-इंदापुरात हे ऐकत असतील, तर आपल्या गावच्या गटाकडं निरोप द्या. चुना किती दिवस मुरवायचा यावर आमच्यात अजून वाद आहे. कुणी आठ दिवस म्हणतं, कुणी महिना. तुमच्याकडं येऊन बसू आणि विचारून घेऊ.